दहाव्या वर्षाचं काम पहिल्या दिवशी

पोरी, अभिलेख अधिकारी म्हणून तुझ्या नावाचा आदेश निघाल्याचं कळलं. अभिनंदन. ऑफिसात काही जण म्हणतील, ‘रेकॉर्डला टाकलं म्हणजे कोपऱ्यात टाकलं.’ त्यांचं ऐकून नाराज होऊ नकोस. आपल्या नागपुरातल्या केंद्र सरकारी कार्यालयांमधून खाणकामाच्या आराखड्यांना मंजुरी मिळते, स्फोटकांचे परवाने निघतात, मातीचे आणि भूगर्भाचे नकाशे तयार होतात. यातला एखादा निर्णय कुणी आणि कशाच्या आधारे घेतला, हे पन्नास वर्षांनी एखाद्या गावाला विचारावंसं वाटलं, तर तेव्हा आपल्यापैकी कुणी सांगायला नसेल. उत्तर अभिलेखात असेल, नाहीतर कुठेच नसेल.

माझी नोकरी कागदाच्या फायलींत सुरू झाली आणि संगणकावरच्या फायलींत संपली. दोन्ही काळ पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली. कागद दुर्लक्ष सोसतो, इलेक्ट्रॉनिक अभिलेख सोसत नाही. कोरड्या खोलीत विसरलेला गठ्ठा पन्नास वर्षांनीही सोडून वाचता येतो. विसरलेली सीडी, बंद पडलेलं सॉफ्टवेअर, कुणालाच ठाऊक नसलेला पासवर्ड यांच्यापुढे मात्र दहा वर्षांतच हात टेकावे लागतात. म्हणून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे दहाव्या वर्षी जे पाठवायचं, त्याची तयारी फाइल उघडली त्या दिवशीच सुरू व्हायला हवी. पुढे सांगतो ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

कपाट उघडण्याआधी कायदा वाच

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. त्याच्या जोडीला 1997 चे नियम घे. कलम 2 मधली व्याख्या पाहा. फाइल, हस्तलिखित, मायक्रोफिल्म यांच्याबरोबरच संगणकानं किंवा दुसऱ्या कुठल्या उपकरणानं तयार झालेलं साहित्यही त्यात सार्वजनिक अभिलेख म्हणून धरलं आहे. ‘ही तर नुसती सॉफ्ट कॉपी आहे, रेकॉर्ड थोडंच आहे’ असं कुणी म्हणालं, की त्याच्यापुढे हे कलम ठेव.

कलम 5 मधून तुझं पद आलं आणि कलम 6 मध्ये तुझी कामं आहेत. व्यवस्थित मांडणी, वेळोवेळी आढावा, कोणता अभिलेख किती वर्षं ठेवायचा याची अनुसूची, वार्षिक सूची, कार्यालयाचा इतिहास आणि दरवर्षी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांना अहवाल. यातलं एकही काम ‘नंतर बघू’ म्हणण्याजोगं नाही. कलम 8 सांगतं, की ठरलेल्या पद्धतीशिवाय कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करायचा नाही. ते मोडलं तर कलम 9 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्व्हरवरची जागा रिकामी करायला निघालेल्या तांत्रिक माणसाला हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. ते तू सांग, आणि लेखी सांग.

हा कायदा केंद्राचा आहे, हेही लक्षात असू दे. भारतीय खाण ब्यूरो, स्फोटकांचं काम पाहणारी पेसो, वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल ही सगळी मंडळी त्याच्या कक्षेत येतात. आपल्या लकडगंज झोनमधली मालमत्ता कराची नोंद काही राष्ट्रीय अभिलेखागारात जात नाही. राज्याच्या कार्यालयांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आहे आणि पुराभिलेख संचालनालय आहे. त्या संचालनालयाचं कार्यालय नागपुरातही आहे. केंद्र आणि राज्य दोघांचाही पत्रव्यवहार असलेली फाइल हातात आली, तर ती कुणाच्या कार्यालयात उघडली गेली ते आधी पाहा. अभिलेख ज्या संस्थेनं निर्माण केला, त्याची जबाबदारी तिचीच.

कायमचं काय, ते फाइल बंद करतानाच लिही

महसूल खात्यातल्या तुझ्या मैत्रिणी अभिलेखांच्या वर्गांना अ, ब, क, ड म्हणतात, मुदत संपलेले कागद रीतसर काढून टाकण्याला निंदणीकरण म्हणतात. अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात कार्यालयीन कामाला जी शिस्त लावली, तिच्याबद्दल आणि कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या पद्धतीबद्दल त्या आजही बोलतात. केंद्राकडे वर्ग वेगळे आहेत, पण त्यामागचा विचार तोच. कागदी फायलींत ‘ए’ आणि ‘बी’ कायमच्या, ‘सी’ ठरावीक मुदतीच्या. ‘ए’ आणि ‘बी’ फायलींचा पंचविसाव्या वर्षी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्यानं आढावा घ्यायचा. ई-फायलींचे दोनच वर्ग आहेत. पहिल्या वर्गातल्या, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वाच्या कायम जपायच्या फायली, दहा वर्षं विभागाच्या सर्व्हरवर राहतात आणि मग राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात. दुसऱ्या वर्गातल्या दहा वर्षं ठेवायच्या. एखादी त्याहून जास्त काळ लागणार असेल तर तिला पहिल्या वर्गात चढवायचं.

म्हणजे कागदाला पंचवीस वर्षांची सवड होती, ती आता दहावर आली. आणि दहा वर्षांत चार अधिकारी बदलतात. फाइल बंद होते तेव्हा ती हाताळणाऱ्याला तिचं महत्त्व माहीत असतं, नंतर आलेल्याला नसतं. म्हणून वर्ग त्याच दिवशी ठरवून घे आणि त्याचं कारण एका ओळीत लिहून ठेव.

वर्ग ठरवताना स्वतःला चार प्रश्न विचार. या फाइलमुळे नियम किंवा धोरण ठरलं का? हिच्यामुळे कुणाच्या जमिनीवर, उपजीविकेवर, हक्कावर परिणाम झाला का? पुढच्या प्रकरणांना ही दाखला म्हणून लागेल का? एखादी दुर्घटना, चौकशी किंवा मोठा वाद हिच्यात आहे का? एकालाही ‘हो’ उत्तर आलं, तर फाइल पहिल्या वर्गासाठी बाजूला काढ. रजेचे अर्ज, प्रवासभत्त्याची बिलं, स्टेशनरीची मागणी यांना त्यांच्या मुदतीनंतर रीतसर जाऊ दे. सगळंच जपू म्हणणारा शेवटी काहीच जपू शकत नाही. ढिगात महत्त्वाची फाइल सापडली नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

पीडीएफ काढली म्हणजे अभिलेख पाठवला असं नाही

ही चूक सर्रास होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ई-ऑफिसमधली फाइल म्हणजे टिपणी, पत्रव्यवहार, मसुदे, त्यावरच्या सह्या आणि फाइल कुणाकडून कुणाकडे कधी गेली त्याचा मार्ग, हे सगळं मिळून. नुसती टिपणीची पीडीएफ काढलीस तर निर्णय दिसेल, पण तो कसा झाला ते दिसणार नाही. पिवळी टिपणी म्हणजे मसुदा आणि हिरवी झाली की ती कायम, हे तुला माहीतच आहे. फाइल बंद करण्याआधी एकही पिवळी टिपणी लोंबकळत राहिलेली नको.

निर्णयाचा अर्धा भाग ई-मेलमध्ये झालेला असतो. तो ई-मेल जोडपत्रांसह फाइलमध्ये घ्यायला लाव. फोनवर किंवा मेसेजवर ठरलेली गोष्ट असेल, तर तिची टिपणी त्याच दिवशी फाइलवर यायला हवी. अधिकारी निवृत्त झाला की त्याची मेलपेटी बंद होते, आणि त्यानंतर ते कुणालाच सापडत नाही.

एक्सेलच्या तक्त्याची पीडीएफ केली तर आकडे उरतात आणि सूत्रं जातात. मूळ तक्ताही ठेव. डेटाबेस असेल तर त्यातली माहिती साध्या सीएसव्हीमध्ये, यूटीएफ-8 मध्ये काढून घे, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी यादी सोबत दे. ‘स्थिती’ रकान्यात 3 असेल तर 3 म्हणजे मंजूर की नामंजूर, हे त्या यादीशिवाय कुणीही सांगू शकणार नाही. आणि सीएसव्ही काढल्यावर ती एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नकोस. सांकेतिक क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं त्यात उडून जातात.

नकाशांचं याहून नाजूक. खाणपट्ट्याच्या सीमेची शेपफाइल ही एक फाइल नसते, तीन-चार फायलींचा संच असतो. त्यातली पीआरजे नावाची छोटीशी फाइल मागे राहिली, तर सीमा काढलेली दिसेल, पण ती कोणत्या निर्देशांक पद्धतीत मोजली ते कळणार नाही. तिच्याविना जमिनीचा वाद सुटायचा कसा? संच कधी फोडायचा नाही.

ओंडक्यावर हातोड्याची खूण, अभिलेखासोबत त्याची माहिती

आपल्या लकडगंजात इतकी वर्षं राहून लाकडाच्या व्यापारातली एक शिस्त मी जवळून पाहिली. जंगलातून आलेल्या सागाच्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते आणि ट्रकवाल्याजवळ वाहतुकीचा पास, ज्याला सगळे टीपी म्हणतात. लाकूड कितीही उत्तम असो, खूण आणि टीपी जुळत नसेल तर जाणता व्यापारी त्याला हात लावत नाही. कुठल्या जंगलातलं, कुणी तोडलं, कुठे निघालं, हे सिद्ध होत नाही ना! अभिलेखाचंही तसंच. तो कुठून आला हे सोबत नसेल, तर त्यातला मजकूर खरा असूनही त्यावर कुणी विसंबू शकत नाही.

म्हणून प्रत्येक फाइलसोबत एवढं तरी दे : फाइल क्रमांक, विषय, उघडल्याची आणि बंद केल्याची तारीख, निर्माण करणारा विभाग, वर्ग आणि तो का दिला, गोपनीयतेचा दर्जा, आतल्या दस्तऐवजांची संख्या, प्रत्येकाचा प्रकार आणि आकार, आधीच्या आणि पुढच्या संबंधित फायलींचे क्रमांक. विषय लिहिताना ‘विविध’, ‘इतर’, ‘किरकोळ’ हे शब्द वापरू देऊ नकोस. गावाचं, तालुक्याचं, खनिजाचं, योजनेचं नाव विषयातच यायला हवं. पुढचा माणूस त्याच नावानं शोधणार आहे.

कार्यालयाचा इतिहास लिहिणं कलम 6 मध्ये उगाच घातलेलं नाही. आपल्या नागपुरातली पर्यावरण संशोधन संस्था नीरी आज सगळ्यांना माहीत आहे. पण 1958 मध्ये ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झाली आणि आजचं नाव 1974 मध्ये आलं. जुन्या कागदावरचं जुनं नाव कुणाचं, हे सांगणारी नोंद नसेल तर संशोधक दोन वेगळ्या संस्था समजून बसतो. तुझ्या कार्यालयाची नावं, विभाग, अधिकारक्षेत्र कधी आणि कोणत्या आदेशानं बदललं, याची चार-पाच पानं तयार कर आणि दरवर्षी त्यात भर घाल. आपलं नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होतं, पुढे जुन्या मध्य प्रदेशाचीही. 1956 मध्ये ते पद गेलं, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि ज्या सचिवालयानं एकत्र कारभार केला, त्याचा वारसा दोन राज्यांकडे गेला. पुनर्रचनेत पहिला गोंधळ कागदांचा होतो, हे या शहराला नव्यानं सांगायला नको.

अक्षर वाचता आलं पाहिजे

मराठी-हिंदीतून काम करणाऱ्या कार्यालयांची ही खास अडचण आहे आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत ती सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सुरेख असे फॉन्ट चालायचे. त्यांत अक्षरं पडद्यावर मराठी दिसत, पण आत साठवलेले संकेत त्या-त्या फॉन्टचे स्वतःचे असत. फॉन्ट गेला की ‘खाणपट्टा’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद शाबूत आहेत, पण ते वाचायला मोडी जाणणारा माणूस लागतो. मोडी निदान शिकता येते. हरवलेल्या फॉन्टचं शिक्षण कुठे घेणार?

तेव्हा जुन्या फायली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत याची यादी आत्ताच कर. फॉन्टची फाइल जपून ठेव. मग मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर कर, पण मूळ फाइल टाकू नकोस, दोन्ही ठेव. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात. गावांची नावं, माणसांची नावं, सर्व्हे क्रमांक आणि रकमा कुणीतरी डोळ्यांनी तपासल्याच पाहिजेत. मूळ पानाचं चित्र शेजारी ठेवून वाचायला एखादी जुनी टंकलेखिका मिळाली तर तिच्याइतकं चोख काम कुणी करणार नाही.

मजकुराच्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ/ए हा प्रकार आहे. 2005 पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात लागणारे फॉन्ट फाइलच्या आतच बसवलेले असतात. पण जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच पीडीएफ/ए केला, तर पान नीट दिसेल आणि शोध घेतला की काहीच सापडणार नाही. आधी युनिकोड, मग पीडीएफ/ए. हा क्रम चुकवू नकोस.

फ्लॉपी, सीडी, पेन ड्राइव्ह : आधी प्रत, मग तपास

प्रत्येक कार्यालयात एखाद्या खणात फ्लॉप्या आणि सीड्या पडलेल्या असतात. आत काय आहे ते पाहण्याच्या घाईत त्यांवर काही लिहिलं जाऊ नये, हे पहिलं पथ्य. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून छिद्र उघडं केलं, की तिच्यावर लिहिता येत नाही. आधी ते कर. मग सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवून घे आणि तपास त्या प्रतीवर कर. वेष्टनावर हातानं लिहिलेलं नाव-तारीखही टिपून घे, कित्येकदा एवढीच ओळख उरलेली असते. फ्लॉपी वाचणारं यंत्र तुझ्याकडे नसेल तर मोडीत निघालेला जुना संगणक टाकू देऊ नकोस. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखालच्या खोलीत यातलं काहीही ठेवायचं नाही.

सही तपासून घे, कुलूप काढून दे

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांचं असतं. दहाव्या वर्षी ती सही तपासायला गेलीस तर पडद्यावर मुदत संपल्याचा शेरा दिसेल आणि वाचणारा खोटेपणाचा संशय घेईल. म्हणून सही ताजी असतानाच तिची तपासणी कर आणि तो अहवाल फाइलला जोड. सही केलेल्या पीडीएफचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर केलं की सही मोडते. तेव्हा मूळ सहीची फाइल आणि रूपांतरित प्रत, दोन्ही पाठव. सही केलेला दस्तऐवज छापून पुन्हा स्कॅन करायची सवय काही टेबलांवर अजून आहे. ती बंद कर, कारण त्या स्कॅनमध्ये सहीचं फक्त चित्र उरतं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चं कलम 7 हेच सांगतं, की इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे वापरता येईल असा, मूळ रूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या रूपात ठेवायचा, आणि तो कुठून निघाला, कुठे पोचला, कोणत्या दिवशी आणि वेळी, हे त्यासोबत टिकवायचं.

पासवर्ड लावलेली एकही फाइल पाठवू नकोस. विषाणूतपासणी झाल्याशिवायही नको. गोपनीय दर्जाच्या फायलींचा दर्जा अजून लागू आहे का, याचा सक्षम अधिकाऱ्याकडून आढावा घे आणि तो झाल्याशिवाय त्या यादीत घालू नकोस. नागरिकांची खासगी माहिती असेल तर मूळ दस्तऐवजावर काळं फासायचं नाही. मूळ अखंड ठेवायचं, आणि लोकांना दाखवायची प्रत वेगळी करायची.

एक अक्षरही बदललं नाही, याचा पुरावा ठेव

प्रत्येक फाइलचा चेकसम काढ. एसएचए-256 पद्धतीनं कोणत्याही फाइलची 64 चिन्हांची एक ओळ तयार होते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, तिनं हे होतं, वेगळा खर्च नाही. फाइल बंद झाली की एकदा चेकसम काढ, दरवर्षी एकदा जुळव, पाठवण्याआधी जुळव, आणि पोचल्यावर तिकडे जुळवून घ्यायला सांग. दर वेळी तीच ओळ आली, तर पहिल्या दिवशीचीच फाइल दहाव्या वर्षी पोचली, हे कुणापुढेही सांगता येतं. न्यायालयातही याला महत्त्व आलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम 63 खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात ही ओळ लिहायची जागाच दिली आहे.

प्रती एका छपराखाली नकोत

21 जून 2012 ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागदी फायलींचं काय झालं, ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. आपल्या मोहल्ल्यात लाकडाची गोदामं आणि आरा मशीन असल्यामुळे उन्हाळ्यात आगीची धास्ती काय असते, ते तुला सांगायला नको. आणि पाण्याला शहर विसरलं होतं, तर 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावानं आणि नाग नदीच्या पुरानं आठवण करून दिली. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच खोलीतला बॅकअप, ही सोय नव्हे. किमान तीन प्रती असू देत, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या शहरात. बॅकअप घेतला म्हणून समाधान मानू नकोस. सहा महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाइल परत काढून, उघडून वाच. परत न काढलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

अभिलेखागाराशी आधी बोल

राष्ट्रीय अभिलेखागार 11 मार्च 1891 ला कलकत्त्यात इम्पिरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणून सुरू झालं. दिल्लीत जनपथावरची त्याची इमारत 1926 ची. भोपाळला त्यांचं प्रादेशिक कार्यालय आहे. तिथली माणसं अभिलेखांत मुरलेली असतात. त्यांना सगळं बांधून झाल्यावर नव्हे, यादी कच्ची असतानाच लिही. कोणता फाइलप्रकार चालेल, कोणत्या माध्यमावर किंवा मार्गानं पाठवायचं, माहितीचे रकाने कोणते, हे लेखी मागून घे. मूल्यांकन त्यांच्यासोबत बसून कर. पहिल्या वेळी मोजक्याच फायलींचा लहान संच पाठवून पाहा, चुका तिथेच दिसतील.

आपल्या मराठी मुलखातही या विषयाची जाण आहे. पुण्याच्या सी-डॅकनं डिजिटल परिरक्षणासाठी ई-गव्हर्नन्सचं मानक तयार केलं, ते केंद्र सरकारनं 2013 मध्ये अधिसूचित केलं. त्यांचंच डिजिटालय हे सॉफ्टवेअर वापरून दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातल्या दृकश्राव्य संग्रहानं 2017 मध्ये विश्वासार्ह डिजिटल भांडाराचं आयएसओ 16363 प्रमाणपत्र मिळवलं, आणि ते मिळवणारा तो जगातला पहिला ठरला. सी-डॅकचं ते मानक मागवून वाच. जगातल्या बहुतेक अभिलेखागारांचं काम ज्या ओएआयएस नमुन्यावर चालतं, त्याचीही ओळख करून घे. त्यातला विचार सोपा आहे. जे पाठवतो, जे जपलं जातं आणि जे वाचकाला दिलं जातं, ते तीन वेगळे संच असतात आणि तिघांचा हिशेब जुळावा लागतो.

पोच आल्याशिवाय मूळ पुसायचं नाही

संच पाठवला म्हणजे हस्तांतर झालं नाही. अभिलेखागारानं यादीप्रमाणे संख्या मोजली, चेकसम जुळवले, फायली उघडून पाहिल्या आणि लेखी पोच दिली, की मग झालं. तोवर तुझ्याकडची प्रत जागची हलता कामा नये. पोच आली की ती यादीसह कायमच्या फाइलमध्ये लाव, आणि कार्यालयाच्या सूचीत त्या-त्या क्रमांकापुढे ‘राष्ट्रीय अभिलेखागाराकडे हस्तांतरित’ असं तारखेसह लिही. उद्या माहिती अधिकारात कुणी ती फाइल मागितली, तर ‘आढळत नाही’ असं उत्तर जाऊ नये, ती कुठे आहे ते सांगता यावं. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 मध्ये अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याची जबाबदारी पहिल्याच वाक्यात आली आहे, ती याचसाठी.

एखादी फाइल हरवल्याचं, कुणी पुसल्याचं लक्षात आलं, तर झाकू नकोस. सार्वजनिक अभिलेख अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे ती परत मिळवायची कारवाई कर आणि महासंचालकांना विनाविलंब कळव. लपवलेली तूट दहा वर्षांनी तुझ्या नंतरच्याच्या गळ्यात पडते.

चार्ज देताना अभिलेखांचाही चार्ज दे

तुझीही बदली होईलच. खुर्ची, किल्ल्या, संगणक यांचा चार्ज सगळेच देतात. तू सोबत चार पानं लिहून दे : कोणत्या फायली पहिल्या वर्गात आहेत, त्यांचं दहावं वर्ष कधी भरतं, कोणत्या जुन्या फॉन्टचं काम राहिलं आहे, प्रती कुठे-कुठे आहेत, चेकसमची यादी कुठे ठेवली आहे, अभिलेखागाराशी शेवटचा पत्रव्यवहार कोणत्या तारखेचा. नव्या माणसाची त्यावर सही घे आणि एक प्रत कार्यालयप्रमुखांना दे. या कामाला एकट्याचं आयुष्य आणि एकट्याची नोकरी पुरत नाही. एकानं नीट ठेवलं आणि दुसऱ्यानं नीट पुढे नेलं, तरच खाणीशेजारच्या त्या गावाला आपलं उत्तर मिळतं.

येत्या रविवारी सीताबर्डीहून मेट्रो पकड, टेलिफोन एक्स्चेंजला उतर आणि घरी ये. येताना तुमच्या कार्यालयाची अनुसूची आणि बंद झालेल्या ई-फायलींची यादी आण. सर्वांत जुन्या वर्षापासून सुरुवात करू, कारण त्याचं दहावं वर्ष सगळ्यांत आधी भरणार आहे.